दोन दारांची भिंत

९ जानेवारी

छोट्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. गेल्या रविवारी तू फोन केलास तेव्हा मी सारखं "हो हो" म्हणत होतो ना, त्यातलं एक अक्षर मला ऐकू आलेलं नव्हतं. मशीन कानात घातलं की फोन शिट्ट्या मारतो, काढलं की तू पाण्याखालून बोलतोस. मोबाइलवरची ती मुंगीएवढी अक्षरं दाबायला माझी बोटं जाड पडतात. तेव्हा आता पत्रच. तूही पत्रानंच उत्तर दे, आणि जरा मोठ्या अक्षरात.

काम असं की समोरच्या भिंतीनं आता लाज सोडली आहे. सगळीकडे पोपडे. माझ्या दाराच्या वर ओलीचा डाग पडलाय आणि तुझ्या खिडकीखाली तर आतलं सिमेंट दिसायला लागलंय. बाबांच्या पिवळ्यावर मी आजवर पिवळाच चढवत आलो, आता नको. रंगारी येऊन बघून गेला. तोच आपला जुना. अजूनही उशिरा येतो आणि आपणच उशीर केल्यासारखा चेहरा करतो. त्याचं म्हणणं, दारं दोन असली तरी भिंत एकच आहे, एका दमात झाली पाहिजे. आज माझी बाजू केली आणि दोन महिन्यांनी तुझी, तर डब्यावर तोच नंबर असूनसुद्धा मधे रेघ दिसणार.

म्हणून तुला विचारतोय. माझ्या मनात बदामी आहे, दारं-खिडक्या चॉकलेटी. मी सगळी नोकरी पाण्याचे मीटर वाचत दारोदार फिरलो, मला घरांचे रंग कळतात. बदामी घरातली माणसं मीटर दाखवतात आणि पाणी हवं का विचारतात. गर्द हिरव्या घरातली दार अर्धंच उघडतात. हसू नकोस, पडताळून पाहिलंय.

मार्चअखेर तू सुटतोस. तुझी वहिनी गेली तेव्हा ओट्यावर बसून तू म्हणाला होतास, दादा, निवृत्त झालो की येतो, शेजारी राहतो. ते मी धरून बसलोय. तू येशील तेव्हा भिंत अशी भिकारड्यासारखी नको. तुझ्या बाजूचा नळ गळत होता, तो बदलून घेतला. कुलपात तेल घातलं. तुझ्या बायकोला, आमच्या धाकटीला सांग, तुमच्या स्वयंपाकघरातल्या फळ्या पुसून ठेवल्यात.

रंग कळव.

दादा

२४ जानेवारी

दादा,

पत्र मिळालं. तुझं अक्षर बघून बरं वाटलं, बाबांसारखंच उजवीकडे कलतंय. मोठ्या अक्षरात लिहायचा प्रयत्न करतोय, पण स्टोअरच्या वह्यांमध्ये बारीक लिहून हात तसाच वळलाय.

इथे स्टोअरचा चार्ज द्यायचं काम चालू आहे. माझ्या जागी येणारा पोरगा प्रत्येक नट-बोल्ट हातात घेऊन बघतो. घरी धाकटीचे पाय सुजतात, तिला फार चालवत नाही. लेक अधूनमधून येऊन जाते.

भिंतीचं म्हणशील तर तू म्हणतोस ते बरोबर आहे, रंग द्यायलाच हवा. पण मला वाटतं, तू तुझा अर्धा भाग काढून घे. माझ्या भागाची घाई नाही. एप्रिलमध्ये काय कसं होतं ते बघू, आत्ता तुला नक्की काही सांगता येत नाही. उगाच माझ्यासाठी खोळंबून बसू नकोस. बदामी छान दिसेल.

नळाचं कशाला केलंस? वयाला शोभेल असं काहीतरी करत जा. स्टुलावर चढू नकोस.

छोट्या

३ फेब्रुवारी

छोट्या,

"तुझा अर्धा भाग" हे कुठून शिकलास? भिंतीला अर्धं नसतं. कागदावर असेल, बाबांनी दोघांच्या नावावर करताना मधे रेघ मारली होती. पण बांधताना त्यांनी एकच भिंत बांधली, दोन दारं शेजारी शेजारी ठेवली. मोठ्यानं शिंकलं तर धाकट्याला कळलं पाहिजे, असं म्हणायचे. आता मला शिंक ऐकू येणार नाही हे खरं, पण तू दे तर खरी.

आणि "बघू" काय? आयुष्यभर मी ज्यांच्याकडे मीटर वाचले, ते सगळे थकबाकीदार "बघू"च म्हणायचे. तुझा स्वभावच तसा. लहानपणी चप्पल घ्यायला गेलो तरी दुकानदार दमायचा. म्हणून मी आता तुझं काम सोपं केलंय. रंगाऱ्याकडून तुझ्या खिडकीखाली पाच पट्टे मारून घेतलेत. बदामी, मोतिया, विटकरी, फिकट हिरवा आणि बाबांचा पिवळा. समोरच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, तुमच्या भिंतीच्या अंगावर उठलंय का? त्यांना काय करायचंय.

मी ओट्यावर खुर्ची टाकून बघत बसतो. सकाळी विटकरी चांगला दिसतो, दुपारी डोळ्यांत घुसतो. मोतिया दिवसभर गरीब, दिवे लागले की खुलतो. हिरवा कधीच चांगला दिसत नाही, पण रंगाऱ्याकडे तो उरलेला आहे म्हणून तो त्याचं फार कौतुक करतो. बदामी सगळ्या वेळी सारखा. माणसानं असं असावं.

फोटोत रंग खोटे येतात, म्हणून खरे रंग पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लावून पाठवतोय. मागे नावं लिहिलीत. पुठ्ठे खिडकीपाशी धर, ट्यूबलाइटखाली नको. धाकटीलाही विचार, शेवटी दार उघडून आत-बाहेर तीच करणार.

एक सांगू? तुझ्या बाजूची ती मधली भिंत आठवते ना, जिच्या पलीकडे माझी खाट. तुमचं लग्न होऊन तुम्ही तिकडे राहायचात तेव्हा तुझी वहिनी दोनदा ठोकायची, म्हणजे चहा तयार. मग तुम्ही दोघं कप घेऊन ओट्यावर. अजून मी कधीकधी त्या भिंतीला तळवा लावून बसतो. कान गेले तरी तळव्याला कळतं. पलीकडे मांजरानं उडी मारली तरी कळतं. सध्या पलीकडे मांजरच आहे.

रंगारी म्हणतो, मार्चच्या मध्याच्या आत हात फिरला पाहिजे, मग त्याला दुसरं मोठं काम आहे. लवकर कळव. आता "बघू" नको.

दादा

२५ फेब्रुवारी

दादा,

उशीर झाला, रागावू नकोस. पुठ्ठे मिळाले. टेबलावर ओळीनं मांडून ठेवले होते. धाकटी सारखी बघायची. तिला मोतिया आवडला.

पण मला वाटतं, त्या पाचांपेक्षा वेगळा घ्यावा. सोबत शेड कार्डावरचा तुकडा कापून पाठवतोय. राखाडी आहे, पण त्यात निळसर झाक आहे. दारं-खिडक्यांच्या चौकटी पांढऱ्या. आजकाल बरेच लोक असाच लावतात. तुझ्या बाजूला तुला बदामीच हवा असेल तर तसं कर, माझा आग्रह नाही. पण एकच रंग हवा असं तू म्हणतोस म्हणून कळवलं. तुला पटला नाही तर मोकळेपणानं सांग.

आणखी एक. माझ्या बाजूच्या खिडक्यांची मापं लागतील, आतून घेतलेली. दोन खोल्यांच्या आणि स्वयंपाकघराची. जमलं तर पाठव. घाई नाही.

तब्येत सांभाळ.

छोट्या

६ मार्च

छोट्या,

तुझा तुकडा हातात घेतला आणि आधी पाकीट उलटं करून झटकलं, म्हटलं खरा रंग आत राहिला असेल. अरे, हा रंग आहे की आमच्या ऑफिसातलं कपाट? त्या रंगाच्या कपाटात मी सगळी हयात मीटरची पुस्तकं ठेवली आणि आता घरावर तोच. समोरच्या मास्तरीणबाईंना दाखवला, त्या म्हणाल्या, मॉडर्न आहे. म्हणजे त्यांनाही आवडला नाही.

पण एक सांगतो. तुझ्या पत्रात ती पांढऱ्या चौकटीची ओळ वाचली आणि मी खुर्चीत नीट बसलो. तू सांगितलंस. चपलेपासून आजतागायत पहिल्यांदा तू स्वतःहून एखादी गोष्ट हवी म्हणालास, तीही दाराखिडक्यांसकट. ज्याला राहायचं असतं तोच चौकटीचा विचार करतो. मग माझा बदामी गेला खड्ड्यात. रंगाऱ्याला म्हटलं, सगळी भिंत हीच, दोन्ही बाजू. तो म्हणाला, तुमची बाजू तरी बदामी ठेवा, मी मधे पन्हळीमागे जोड लपवून देतो. मी म्हटलं, लपवायचं काय आहे?

रंग मला आवडलेला नाही, खोटं कशाला बोलू. पण तू रोज समोर बसलेला असलास की भिंतीकडे बघायला वेळ कुणाला मिळणार.

खिडक्यांची मापं मागच्या पानावर लिहिलीत. पडदे शिवायचा विचार दिसतोय. धाकटीला म्हणावं, फुलाफुलांचे नकोत, मागच्या वेळी तिनं लावलेले पडदे बघून आमची मंडळी हसून हसून बेजार झाली होती. तिला हे वाचून दाखव आणि चिडली की मला कळव.

आणि एक गंमत करणार आहे. ओट्याच्या मधला तो कठडा आठवतो ना, तुझ्या-माझ्या ओट्याच्या मधला? गुडघाभर उंच, उगाचच. त्यावरून तू पडून दात पाडून घेतला होतास. रंगाऱ्याबरोबर गवंडी येतोय, त्याला सांगून तो पाडून टाकतो. ओटा सलग होईल. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बाक टाकता येईल.

भिंत खरवडायला सोमवारपासून सुरुवात.

दादा

१५ मार्च

दादा,

घाईत लिहितोय. कठडा पाडू नकोस. कृपा करून पाडू नकोस. रंगाचंही जरा थांबव. मला तुझ्याशी बोलायचं आहे, पत्रात ते नीट येत नाही. मी येऊन बोलतो. एवढं ऐक.

छोट्या

२५ मार्च

छोट्या,

तुझं पत्र आलं तेव्हा कठड्याच्या विटा गाडीत भरून गेल्यासुद्धा होत्या. आता काय करतोस? कठड्याशी तुझं एवढं काय होतं? दात अजून तिथंच सापडेल असं वाटत होतं का?

"येऊन बोलतो" हे मात्र चारदा वाचलं. ये आणि बोल. पोटभर बोल, मी मशीन घालून बसतो. काय बोलायचं असेल याचा अंदाज आहे मला. धाकटीला मोठं शहर सोडवत नसेल, लेक जवळ आहे, ती कुरकुरत असेल. तिला म्हणावं महिनाभर राहून बघ. नाही आवडलं तर मी स्वतः गाडीत बसवून देतो. पण आवडेल. बाईमाणूस आहे, सवय व्हायला वेळ लागणारच.

भिंत झाली. आधी सगळं खरवडलं, तेव्हा बाबांचा पिवळा निघाला, त्याच्याखाली अजून एक गुलाबी निघाला, तो कुणालाच आठवत नाही. मग भेगांमध्ये लांबी भरली, प्रायमर, आणि दोन हात तुझ्या राखाडीचे. पहिला हात ओला असताना असा काही दिसत होता की मी आत जाऊन बसलो. वाळल्यावर ठीक आहे. पांढऱ्या चौकटींनी उठाव येतो, मान्य करतो. रंगारी शेवटी रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, आता कळत नाही कुठे तुमचं संपतं आणि कुठे त्यांचं सुरू होतं. त्याला मजुरीवर दोन नवे ब्रश बक्षीस दिले.

तुझ्या नावाची पाटी करायला टाकली आहे. माझ्या पाटीएवढीच. नाहीतर म्हणशील दादानं मोठी करून घेतली. बाकही पाटीवाल्या सुताराकडूनच करून घेऊ, पण ते तू आल्यावर ठरवू.

कधी येतोस ते कळव. दाराशी थांबतो, घंटा वाजवू नकोस, मला ऐकू येत नाही. भिंतीला दोनदा ठोक.

दादा

२ एप्रिल

दादा,

मी येऊन बोलणार होतो. तिकीटही काढलं होतं. धाकटीला अचानक दवाखान्यात ठेवावं लागलं, ते रद्द झालं. आता लिहितोच, नाहीतर कधीच लिहिणार नाही.

मी माझी बाजू विकली आहे. डिसेंबरमध्ये. तुझं पहिलं पत्र यायच्या आधी.

धाकटीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालीत. पाय सुजतात म्हणून लिहिलं होतं ते त्यामुळे. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात नेऊन रक्त शुद्ध करून आणावं लागतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिला खुर्चीत बसवून दोघं जण उतरवतात. दवाखान्याजवळ तळमजल्यावर दोन खोल्या मिळत होत्या, त्यासाठी दुसरा काही मार्ग नव्हता. तिला तिकडे आणणं शक्यच नाही, तिकडे जवळपास ती सोय नाही. तुला सांगायचं होतं. फोनवर सांगितलंही, दादा. त्या रविवारी. तू "हो हो" म्हणालास. मला वाटलं तू ऐकलंस आणि मोठ्या मनानं घेतलंस. मी फोन ठेवून रडलो होतो. मग तुझं पत्र आलं आणि कळलं, तू काहीच ऐकलेलं नव्हतंस. दुसऱ्यांदा सांगायची हिंमत झाली नाही.

रंग माझा नाही. तू पुठ्ठे पाठवलेस, दोघांची भिंत एकच म्हणालास. मी ज्यांनी घर घेतलं त्यांना विचारलं, कारण राहणार ते. त्यांनी कार्डावर बोट ठेवलं. तो तुकडा मी तुला पाठवला. खिडक्यांची मापंही त्यांनाच हवी होती. मला वाटलं, तू तुझ्या बाजूला बदामीच लावशील. तू माझ्यासाठी तुझी बाजूही रंगवशील हे मला कळायला हवं होतं. तुला मी ओळखतो की.

माणसं चांगली आहेत. नवरा-बायको आणि एक लहान मूल. एप्रिलच्या सुरुवातीला येतील म्हणाले होते. त्यांच्या आधी हे पत्र पोचावं.

तू म्हणशील तर मी येतो. एक दिवसासाठी येतो.

छोट्या

४ एप्रिल

छोट्या,

काल सकाळी तुझ्या दारापुढे सामानाची गाडी लागली. मी चहाचा कप तसाच ठेवून धावलो. म्हटलं, न कळवता आला, चकित करायला. गाडीवाल्याबरोबर एक तरुण जोडपं होतं. मला वाटलं लेक-जावई पुढे आलेत, त्यांना मी तसं फार वर्षांत पाहिलेलं नाही. ती पोरगी काहीतरी बोलत होती, मी "हो हो" म्हणत होतो. मशीन आत राहिलं होतं.

मी सामान उतरवून घ्यायला मदत केली. मोठं कपाट पहिल्या खोलीत डाव्या हाताला लाव, तिथं ओल नाही, असं हातवारे करून सांगितलं. लहान मुलाची खाट आली तेव्हाही मला काही वाटलं नाही. म्हटलं नातवंडाची असेल. पडदे आले. फुलाफुलांचे नव्हते. तेव्हा मात्र जरा खटकलं.

मग ती पोरगी रस्त्यापलीकडे गेली, भिंतीकडे बघून तिनं टाळ्या वाजवल्या. पिशवीतून एक शेड कार्ड काढलं आणि भिंतीला लावून मला दाखवायला लागली. बघा, अगदी सारखा. त्या कार्डाला एका जागी चौकोनी भोक होतं, कात्रीनं कापलेलं.

तुझा तुकडा माझ्या चष्म्याच्या घरात होता. रंगाऱ्यानं फसवू नये म्हणून जपून ठेवलेला. मी तो काढला आणि तिच्या कार्डावरच्या भोकात ठेवला. बसला. ती हसली, नवऱ्याला हाक मारून दाखवलं. दोघांनी माझा हात हातात घेतला. आत जाऊन मशीन घालून आलो, तेव्हा ऐकलं. ती म्हणत होती, काका, आम्ही सांगितलेला रंग तुम्ही स्वतःच्या घरालाही लावलात, किती चांगलं वाटलं.

मी म्हटलं, चांगला निवडलात.

तुझ्या नावाची पाटी सुताराकडे तयार आहे. ती काय करू, एवढंच कळव.

दादा

२० एप्रिल

छोट्या,

तुझं पत्र शेजारचे राहायला आल्यानंतर दोन दिवसांनी मिळालं. पोस्टाला दोष नाही, तूच उशिरा टाकलंस.

आधी धाकटीचं. तुझ्या आयुष्यात एवढं घडत होतं आणि मी तिला पडद्यांवरून चिडवत होतो. ते वाचून दाखवलं नसशील तर फार बरं. दाखवलं असशील तर तिला म्हणावं, दादा मूर्ख आहे, त्याला कळलं नाही. तिला मोतिया आवडला होता, ते तू लिहिलं होतंस. तेव्हाच मी विचारायला हवं होतं की मग राखाडी कुणाला हवा आहे. एवढी अक्कल नोकरीत होती, मीटर उलटा फिरवलेला मला लांबून कळायचा.

तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी तुझ्या जागी असतो तर मीही विकलं असतं. फक्त सांगून विकलं असतं. सांगितलंस म्हणतोस, तेही खरं. ऐकू येत नसताना मी "हो" म्हणालो, ती सवय माझीच. आता कुणाला हो म्हणताना भीती वाटते.

रंगारी येऊन गेला. म्हणाला, काका, दुसऱ्या कामातला उरलेला बदामी आहे, तुमची बाजू करून देतो, पैसे नकोत. मी म्हटलं राहू दे. मधे रेघ दिसेल.

रेघ तशीही येणारच आहे. शेजाऱ्यांना कठडा पुन्हा बांधायचाय. रांगतं मूल आहे, माझ्या बाजूनं पायऱ्यांवरून पडेल म्हणतात. बरोबरच आहे त्यांचं. आधीच्यापेक्षा उंच घेणार आहेत, छातीभर. मी हो म्हणालो, या वेळी नीट ऐकून. गवंडी तोच आहे. त्याला हसावं की रडावं कळेना.

तू एक दिवस येतो म्हणालास. येऊ नकोस. रागानं नाही म्हणत. धाकटीला सोडून एक दिवस यायचं, आणि तुझ्या दारासमोरून माझ्या दाराकडे पाहुण्यासारखं चालत यायचं, ते तुलाही जमणार नाही आणि मलाही बघवणार नाही. पत्रं लिही. मीही लिहीन, पण सांगण्यासारखं आता फार काही असेल असं वाटत नाही. मी वाट बघत होतो म्हणून सांगायला सुचत होतं.

पाटी मी सुताराकडून घेऊन आलो. कपाटामागे उभी करून ठेवली आहे.

काल संध्याकाळी खाटेवर बसलो होतो, भिंतीला तळवा लावून, सवयीनं. पलीकडून दोन ठोके आले. स्पष्ट. मी उठलो, गॅस पेटवला, दोन कप चहा टाकला, कप घेऊन ओट्यावर गेलो. तो शेजारचा तरुण दारात हातोडी घेऊन उभा होता. म्हणाला, काका, खिळा ठोकत होतो, तुम्हाला त्रास नाही ना झाला?

नाही म्हटलं. आत आलो. दोन्ही कप मीच प्यायलो.

दादा